सनई, क्लॅरिओनेट आणि आपला समाज

आपल्या घडशी समाजाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास तो ताम्रपट व सनदा यांपेक्षा वाद्यांवरूनच अधिक लिहावा लागेल. देवालयातील चौघडा, मंगलकार्यातील सनई आणि पालखीपुढील वाजंत्री ही सेवा आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. जेजुरीस ती परंपरा आजही नांदत आहे. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरील नगारखाना पाहिला म्हणजे राजदरबारीही वाद्यांस केवढा मान होता, हे ध्यानात येते. मात्र सनईच्या जोडीस आपल्या हाती आलेल्या एका परदेशी वाद्याचा वृत्तांत नव्या पिढीस फारसा ठाऊक नाही. ते वाद्य म्हणजे क्लॅरिओनेट होय.

ह्या वाद्याचा जन्म सुमारे 1700 साली जर्मनीतील न्यूरेंबर्ग नगरात योहान क्रिस्टोफ डेनर नावाच्या कारागिराच्या हातून झाला, असे मानतात. 1791 साली मोझार्टने त्यासाठी एक थोर रचना केली. 1812 साली इवान म्यूलर याने तेरा चाव्यांचे वाद्य पॅरिसमध्ये पुढे आणले, आणि 1839 च्या सुमारास क्लोझे व ब्यूफे यांनी आज प्रचारात असलेली कड्यांची व चाव्यांची रचना सिद्ध केली.

हिंदुस्थानात हे वाद्य आले ते मुख्यत्वे पलटणींच्या बँडबरोबर. पाश्चात्त्य बँडचे कौतुक करणाऱ्या पहिल्या राजांत एक मराठाच होता, ही गोष्ट आपणांस अभिमानास्पद आहे. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले (राज्यकाल 1798 ते 1832) यांच्या दरबारी पाश्चात्त्य पद्धतीचा बँड होता. पुढे त्याच तंजावरच्या परिसरात क्लॅरिओनेट नृत्याच्या साथीस आले. त्या प्रांतातील ए. के. सी. नटराजन यांनी त्यावर कर्नाटक संगीत गाजविले.

इकडे 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीची लढाई झाली आणि लवकरच पेशवाई संपली. नगारखाने मुके झाले. खडकी व पुणे येथील छावण्यांत मात्र लष्करी बँड वाजू लागले. त्यांचा थाट पाहून नगरांत खासगी बँड निघाले. बँडमध्ये मुख्य सूर धरावयाचा तो क्लॅरिओनेटवाल्याने. सनईवर फुंक व बोटे घोटलेल्या घरांतील तरुणांस हे काम साधण्याजोगे होते, आणि वरातीस बँड हवा असा लोकांचा आग्रहही वाढत गेला. पुढे मास्टर इब्राहिम यांनी चित्रपटांतील चाली क्लॅरिओनेटवर वाजवून ध्वनिमुद्रिकांच्या द्वारे हे वाद्य घरोघरी नेले. पुण्यात शंकरराव गायकवाड यांनी सनईस मैफलीत मान मिळवून दिला.

तथापि सनई येते म्हणून क्लॅरिओनेट आलेच, असे समजणे योग्य नव्हे. सनईची नळी खाली रुंदावत जाते व तिची पत्ती दुहेरी असते. तिच्यात फुंकीचा जोर वाढविला असता बहुतेक तीच बोटे वरच्या सप्तकात उपयोगी पडतात. क्लॅरिओनेटची नळी बहुतांशी सरळ असून पत्ती एकेरी असते. अंगठ्याची चावी दाबताच त्याचा स्वर आठव्या स्थानी न जाता बाराव्या स्थानी जातो. म्हणजे खाली जी बोटे षड्ज देतात, तीच वर पुढील सप्तकाचा पंचम देतात. त्यामुळे दोन सप्तकांची बोटे निराळी शिकावी लागतात. शिवाय भोकांवरील कड्या व चाव्यांमुळे सनईसारखी मींड केवळ बोट सरकवून निघत नाही. ओठ, श्वास आणि अर्धे उघडलेले छिद्र यांचा मेळ घालावा लागतो. चाल वाजविणारे पुष्कळ आहेत, राग वाजविणारे विरळ, ह्याचे कारण येथेच आहे. हा अभ्यास प्रवीण वादकासही जाणत्या गुरूजवळ बसूनच करावा लागतो.

परदेशांत ह्यासाठी उन्हाळी वर्ग भरतात. अमेरिकेत इंटरलॉकेन येथे 1928 साली आणि टँगलवुड येथे 1940 साली अशी शिबिरे सुरू झाली. तेथे उन्हाळ्यात शाळांस सुटी असते व बहुतेक वाद्यवृंदांचा हंगाम संपलेला असतो. आपल्याकडे लष्करानेही 1950 साली पचमढी येथे बँडच्या शिक्षणाची संस्था काढली. आपल्या वादकांनाही असा वर्ग हवा, हे निर्विवाद. परंतु तो वैशाखात भरविल्यास कोण येणार? वैशाख म्हणजे लग्नसराई. त्या दिवसांत मिळविलेल्या पैशावर अनेक घरांची पुढील बेगमी अवलंबून असते. परक्यांचा उन्हाळा आपण उसना घेऊ नये. आषाढी एकादशीस चातुर्मास लागतो, लग्ने थांबतात, आणि भाद्रपदात गणपती येईपर्यंत दीड-पावणेदोन महिने हाती राहतात. वर्गाचा खरा काळ हाच होय.

स्थळ म्हणून चिंचवड परिसर सर्वांस सोयीचा पडेल. मोरया गोसावींच्या ह्या क्षेत्रापासून पालखी मोरगावास जाते, तेव्हा वाद्यसेवेचे नाते येथे जुनेच आहे. 1954 साली पिंपरीस पेनिसिलिनच्या उत्पादनासाठी हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. मागोमाग मोटारींचे कारखाने आले, 1970 साली नगरपालिका व 1982 साली महानगरपालिका झाली, आणि पुढे ही वसाहत चाकणपर्यंत पसरली. गावोगावची वाजंत्री घराणी येथे पोटापाण्यास आली. बापाने पाळी सांभाळून वरातीत वाजविले. मुलगा आता यंत्रावर काम करतो आणि वाद्य पेटीत पडून आहे. वरातीत ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहिल्या, तशी त्या पेटीवरील धूळ वाढली. कारखान्याची नोकरी सन्मानाची आहे, ती अवश्य करावी. परंतु नोकरी कोणासही मिळू शकते, घराण्याची फुंक मात्र एकदा तुटली की विकत मिळत नाही.

म्हणून मंडळाच्या चालकांस नम्र सूचना अशी की, येत्या आषाढात आठ-दहा निवडक वादकांचा पंधरा दिवसांचा वर्ग भरवावा. पाळीची नोकरी करणाऱ्यांसाठी तो सकाळी व सायंकाळी असा दोन वेळा ठेवावा. एक जाणता क्लॅरिओनेटवादक, एक सनईचे वयोवृद्ध गुरुजी व एक स्वरलिपी शिकविणारा एवढे तिघे पुरेत. वृद्धांजवळच्या चाली लिहून व ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. कन्यांसही मुक्तद्वार असावे. स्नेहसंमेलनाच्या भोजनखर्चात थोडी काटकसर केली तरी हे कार्य पार पडेल. समाजबांधवांनी पेटीतील वाद्य बाहेर काढून ठेवावे, एवढीच प्रार्थना.