गरुड, कबुतर आणि कावळा : ‘संत तुकाराम’ चित्रपटातील अखेरच्या प्रसंगाविषयी

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ हा बोलपट १९३६ च्या डिसेंबरात मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात झळकला आणि वर्षाहून अधिक काळ तेथे चालला. १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक. तुकोबांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांची, तर जिजाईची गौरी यांची. पुढे दूरदर्शनमुळे हा चित्रपट घरोघरी पोहोचला. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांनी तो शेजाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून पाहिला आहे. शेवटी आकाशातून गरुडाचे विमान उतरते, तुकोबा त्यात विराजमान होतात आणि देहूकरांच्या डोळ्यांदेखत वैकुंठास जातात, हा प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. त्या प्रसंगी ख्रिस्ती प्रेक्षकाच्या मनात जी किंचित अस्वस्थता उत्पन्न होते, तिचा विचार मात्र आपल्याकडे फारसा झालेला नाही.

ही अस्वस्थता दोन प्रकारची असते. एक म्हणजे, ‘हे आपले नव्हे’ ही भावना. दुसरी अधिक गंभीर आहे: माणसाच्या मरणाच्या जागी पक्षी आणून ठेवला, की मरण दिसेनासे होते. मग ते मरण कसे आले, हा प्रश्नही दिसेनासा होतो. तुकोबांचे शत्रू थोडे नव्हते. त्यांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, हे सर्वश्रुत आहे. त्यांचा घातपात झाला असावा, अशी शंका काही अभ्यासकांनी उघडपणे मांडली आहे, आ. ह. साळुंखे यांचे ‘विद्रोही तुकाराम’ हे पुस्तक या संदर्भात प्रसिद्ध आहे. ती शंका सिद्ध झालेली नाही, परंतु ती विचारण्याचा अधिकार कोणी नाकारू नये. गरुडाचे विमान म्हणजे रक्तावर घातलेला शेला तर नव्हे?

प्रथम गरुड कोण, ते पाहू. तो विष्णूचे वाहन आहे, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु पुराणकथेत त्याचे पहिले मोठे कार्य निराळेच आहे. त्याची आई विनता ही आपल्या सवतीची दासी झाली होती. तिला दास्यातून सोडविण्यासाठी त्याने स्वर्गातून अमृत आणले. म्हणजे गरुड हा मुळात दास्यमुक्तीचा पक्षी होय. पंढरपूरच्या मंदिरात वारकरी ज्याला मिठी मारतात, तो गरुडखांब. घरात मृत्यू झाल्यावर सुतकाच्या दिवसांत जे वाचले जाते, तेही गरुडपुराणच. मराठी हिंदू घरात गरुड मरणाच्या दारापाशी पूर्वीपासूनच उभा आहे. दामले-फत्तेलाल यांनी त्याला केवळ पडद्यावर उडविले.

आता आपल्या पवित्र शास्त्राकडे वळू. निर्गमाच्या पुस्तकात सीनाय पर्वतापाशी परमेश्वर इस्राएल लोकांना आठवण करून देतो, की मिसरच्या दास्यातून त्याने त्यांना जणू गरुडाच्या पंखांवर वाहून आणले. प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात संकटात सापडलेल्या स्त्रीला मोठ्या गरुडाचे दोन पंख दिले जातात आणि ती सर्पापासून दूर उडून जाते. संत योहानाचे चिन्हही गरुडच. मराठी भाषांतरकारांनी येथे ‘गरुड’ हाच शब्द योजला, कारण दुसरा शब्द भाषेत नव्हताच. त्यामुळे मराठीत मिस्सा ऐकणाऱ्या माणसाच्या कानांत विनतेचा पुत्र आणि सीनायचा पक्षी एकाच नावाने शिरतात. दोन्हीकडे दास्य आहे, दोन्हीकडे सर्प आहे. साम्य म्हणजे समानता नव्हे, हे मान्य. परंतु ज्या भाषेत आपण प्रार्थना करतो, तिने हे नाते आपल्याला न विचारताच जोडून ठेवले आहे.

या पक्ष्याचा आणखी एक इतिहास आहे आणि तो तितकासा पवित्र नाही. रोमच्या सम्राटाला देवत्व द्यायचे असे, तेव्हा त्याच्या चितेवरून गरुड सोडण्यात येई. त्याचा आत्मा त्या पक्ष्याने स्वर्गास नेला, असे समजावयाचे. इ. स. ७० मध्ये ज्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले, त्या टायटसची कमान रोममध्ये आजही उभी आहे. तिच्या आतील छतावर टायटस गरुडावर बसून वर चालला आहे, असे कोरलेले आहे. मरणप्रसंगातील प्राणी दरबारच्या पगारावरही काम करू शकतो, याचा हा दगडी पुरावा. या पार्श्वभूमीवर देहूचा प्रसंग पाहिला म्हणजे त्यातील धाडस ध्यानात येते. येथे गरुडावर बसणारा सम्राट नाही. तो दिवाळे निघालेला, दुष्काळात पत्नी गमावलेला वाणी आहे. परकीय सत्तेखालच्या प्रेक्षकाने १९३६ साली हे दृश्य पाहिले, तेव्हा त्याला राजाचे वाहन रयतेच्या दारी उतरलेले दिसले असणार.

रोमच्या छळकाळातील ख्रिस्ती लोकांनी गरुड सम्राटाकडेच राहू दिला. त्यांनी कबुतर घेतले. स्मर्ना नगरीचा वृद्ध महागुरू संत पॉलिकार्प याच्या हौतात्म्याचा वृत्तांत दुसऱ्या शतकातला आहे. त्याला जिवंत जाळण्याची शिक्षा झाली, परंतु ज्वाळा त्याला स्पर्श करीनात. तेव्हा खंजीर भोसकण्यात आला. त्या जखमेतून एक कबुतर बाहेर पडले, आणि त्याबरोबर इतके रक्त वाहिले की आग विझून गेली, असे त्या वृत्तांतात आहे. चौथ्या शतकात युसेबियसने आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात हाच वृत्तांत उद्धृत केला, तेव्हा त्यात कबुतर नाही. रक्त मात्र आहे. पक्षी नंतर आला असावा, असे म्हणूनच काही विद्वान मानतात.

तुकोबांच्या बाबतीतही कालाचे असेच अंतर पडते. वैकुंठगमनाची कथा विस्ताराने सांगून घरोघर पोहोचविणारा महिपती हा अठराव्या शतकातला. तुकोबांचे प्रयाण सतराव्या शतकाच्या मध्यावरचे. श्रद्धेच्या स्मृतीत पक्षी बहुधा उशिराच येतो. तो उशिरा आला म्हणून खोटा ठरत नाही; मृत माणसाविषयी लोकांनी कालांतराने जे ठरविले, ते तो सांगतो. परंतु पॉलिकार्पच्या कथेत एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्याने कोणी तेथे कबुतर आणले, त्याने रक्त पुसले नाही. पक्षी आणि जखम एकाच वाक्यात ठेवली. हीच मला अशा चिन्हांची खरी कसोटी वाटते.

सर्वच पक्षी वर नेणारे नसतात. पिंडाला शिवणारा कावळा हा आपल्या समाजातील मरणप्रसंगाचा सर्वांत जुना साक्षीदार. महेश मांजरेकर यांच्या २०१२ सालच्या ‘काकस्पर्श’ या चित्रपटाचे सारे कथानक त्याच्या चोचीवर तोललेले आहे. तरुण भावाच्या पिंडाला कावळा शिवत नाही. थोरला भाऊ हरी मनोमन वचन देतो तेव्हाच शिवतो, आणि त्या वचनाखाली एका विधवेचे संपूर्ण आयुष्य दबून जाते. कावळा विचारतो, ‘मागे काय राहिले?’ गरुड सांगतो, ‘काहीच राहिले नाही.’ (आपल्याकडे कावळ्याचे काम दयेचे आहे. एलियाला त्याने ओढ्याकाठी भाकर पोहोचविली, आणि वनवासी संत पौलाला रोज अर्धी. त्या संताची कबर तर सिंहांनी उकरली, असे संत जेरोम लिहितो.)

‘काहीच राहिले नाही’ हे गरुडाचे म्हणणे खरे मानून चित्रपट संपला असता, तर तो मला आवडला नसता. पण खाली जिजाई आहे. तुकोबा तिला बरोबर येण्यास सांगतात. तिला मुलांकडे पाहायचे आहे, ती राहते. संपूर्ण चित्रपटभर याच बाईने आपल्याला जमिनीवर धरून ठेवलेले असते. मूल आजारी पडले तेव्हा देवळात जाऊन विठोबावर पायताण उगारणारी हीच. म्हशीची उस्तवार करणारी, उसने-पासने आणून चूल पेटविणारी हीच. म्हैस हा या चित्रपटातला दुसरा प्राणी आहे आणि समीक्षक त्याला प्रतीक म्हणत नाहीत, कारण ती दूध देते. माझ्या मते अखेरचा प्रसंग या दोन प्राण्यांमध्ये ताणलेला आहे. गरुड तुकोबा कोणाचे होते ते सांगतो. जिजाईची म्हैस, ते गेल्यावर कोणाचे काय झाले, ते सांगते. विधवेचा संसार पडद्यावर ठेवूनच विमान वर जाते. रक्त नाही, तरी जखम दिसते.

याच दिग्दर्शकद्वयाने १९४० साली ‘संत ज्ञानेश्वर’ काढला. ज्ञानेश्वरांची भूमिका शाहू मोडक यांनी केली. ते अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबातले, हे आपल्या नव्या पिढीला ठाऊक असावे. तेथे वेद म्हणणारा रेडा आहे, वाघावर बसून येणारा चांगदेव आहे. परंतु अखेरीस कोणताही प्राणी येत नाही. समाधीची गुहा आणि शिळा, एवढेच. आणि मागे रडणारी भावंडे.

मराठी चित्रपटाच्या जन्मातच ख्रिस्तचरित्राचा वाटा आहे. १९११ च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनी मुंबईत प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला, तेव्हा आपल्या राम-कृष्णांना असेच पडद्यावर पाहण्याची इच्छा त्यांना झाली, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. तेव्हा गरुडविमानाकडे परकेपणाने पाहण्याचे आपल्याला कारण नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तचरणी आलो, असे रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत. एलिया अग्निरथातून गेला, त्याला घोडे होते. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाची श्रद्धा पोप पायस बारावे यांनी १ नोव्हेंबर १९५० रोजी विश्वाससत्य म्हणून घोषित केली. ती देह-आत्म्यासह स्वर्गात घेतली गेली असे आपण मानतो. त्या घोषणेत वाहन नाही, पक्षीही नाही. तिचा ऐहिक जीवनक्रम पूर्ण झाल्यावर, एवढेच म्हटले आहे. ‘सदेह’ या शब्दाला हसण्यापूर्वी कॅथलिक माणसाने हे आठवावे.

आणि आपल्या ठाण्याचे काय? ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर अवघ्या पंचवीस वर्षांनी, एप्रिल १३२१ मध्ये, ठाणे नगरीत चार ख्रिस्ती पुरुषांचा वध झाला: टोलेंटिनोचे थॉमस, पाडुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे डेमेट्रियस. काही वर्षांनी येथे आलेल्या पोर्देनोनच्या ओडोरिकने त्यांची हकीकत लिहिली. त्यात अग्निपरीक्षा आहे, मस्तके उडविली गेली त्या वेळी लख्ख झालेले चांदणे आहे, मागोमाग मेघगर्जना आणि विजा आहेत. पक्षी नाही. त्यांना नेण्यास कोणी आले असेल, तर ते दोन पायांवर आले. जॉर्डन नावाच्या डोमिनिकन धर्मबंधूने एका जिनोवी तरुणाच्या मदतीने ती प्रेते सोपाऱ्यास नेऊन पुरली. पुढे ओडोरिकने तेथून अस्थी उकरल्या, गाठोड्यात बांधल्या, आणि गलबतातून चीनपर्यंत आपल्याबरोबर नेल्या.