पक्ष्यांतील परस्पर-संरक्षण (डासवाहित विषाणू)
एका विषाणूच्या संसर्गानंतर शरीरात तयार झालेली प्रतिकारशक्ती जवळच्या दुसऱ्या विषाणूलाही कमीअधिक अडवते, त्याला परस्पर-संरक्षण म्हणतात. जपानी मेंदूज्वर व वेस्ट नाईल हे विषाणू फ्लॅव्हिव्हायरसच्या एकाच गटातले. पहिला जपानमध्ये 1935 साली, दुसरा युगांडात 1937 साली वेगळा केला गेला. दोन्ही क्यूलेक्स डासांमार्फत पसरतात आणि पाणपक्ष्यांच्या शरीरात वाढतात. भाताची तुंबलेली खाचरे म्हणजे या डासांचे पाळणाघर. रत्नागिरीच्या अशाच खाचरांत रोज दिसणाऱ्या ढोकरी आणि गायबगळा या बगळ्यांच्या जातींवर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने (स्थापना 1952) मोलाचे प्रयोग केले. बगळा सहसा आजारी पडत नाही, पण काही दिवस त्याच्या रक्तात विषाणू फिरतो व डास तो उचलतो. आधी यांपैकी एका विषाणूचा संसर्ग होऊन गेला असेल, तर दुसऱ्या वेळी रक्तातला विषाणू बराच घटतो आणि डासाला तो मिळणे अवघड होते. अमेरिकेत ब्लॅकबर्ड पक्ष्यांवरील 2009 च्या प्रयोगांतही असे संरक्षण आढळले. मात्र याच साधर्म्यामुळे रक्तचाचणीत एकाची प्रतिपिंडे दुसऱ्याची भासतात. म्हणून पक्ष्यांच्या सर्वेक्षणात उदासीनीकरण चाचणी (प्रतिपिंडे नेमका कोणता विषाणू निष्प्रभ करतात हे पाहणारी) आवश्यक ठरते.