मोकळ्या हाताची तालीम : इंदूरचे चित्रकार आणि रोजचं एक चित्र

इंदूरच्या चित्रकलेविषयी काहीही वाचा, 'मोकळा कुंचला' हे शब्द हमखास येणार. १९२७ साली दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी इथे चित्रशाळा सुरू केली. ना. श्री. बेंद्रे, दे. ज. जोशी, विष्णू चिंचाळकर, मकबूल फिदा हुसेन ही सगळी तिथलीच मंडळी. त्यांचा मोकळेपणा फ्रेंच इम्प्रेशनिस्टांकडून आला, असं म्हणून बहुतेक लेख पुढे सरकतात. मला ते अर्धंच उत्तर वाटतं.

कारण परीक्षा होती मुंबईची. बेंद्र्यांनी १९३३ साली तिथलाच डिप्लोमा घेतला. तिथे हवं असायचं नेमकं रेखाटन, घोटून आणलेला छायाप्रकाश. मग हात सुटला कुठे? तर बाहेर, उघड्यावर. हुसेन सायकलवरून गावाबाहेर निसर्गचित्रं करायला जात, हे तर प्रसिद्धच आहे.

माझी नोकरी नकाशे काढण्यात गेली, त्यामुळे हात कसा आखडतो ते मला चांगलं ठाऊक. म्हणून गेल्या चैत्रात नेम धरला (हल्लीची मुलं याला चॅलेंज म्हणतात): ३० दिवस, रोज एक चित्र, पोस्टकार्डाएवढं, अर्ध्या तासात. एकच रुंद चपटा ब्रश. पेन्सिल नाही, खोडरबर नाही. जागा दोनच, राजवाडा आणि खान नदीकाठच्या कृष्णपुरा छत्र्या.

पहिला आठवडा राजवाड्याच्या खिडक्या मोजण्यातच गेला. सात मजले, खाली तीन दगडी, वर चार लाकडी. अर्ध्या तासात दुसऱ्या मजल्यावरच अडकायचो. नवव्या-दहाव्या दिवशी खिडक्या आपोआप सुटल्या. खाली उजळ पट्टा, वर काळपट, मध्ये दरवाज्याचा अंधार, बस्स. आणि गंमत म्हणजे राजवाडा आता जास्त राजवाडा दिसायला लागला.

रंगांचाही यात मोठा हात आहे. पारदर्शक जलरंगात उजेडाची जागा आधीच कोरी राखावी लागते, म्हणजे मन सावध, हात जपून. अपारदर्शक रंगात गडदावर उजळ थर देता येतो, म्हणून बेधडक सुरुवात करता येते. पण वाळल्यावर उजळ रंग थोडा गडद होतो आणि गडद थोडा फिका, तो अंदाज पुस्तकातून येत नाही. माळव्याच्या उन्हात तर रंग पॅलेटवरच वाळतो! मागे फिरून घोटायला वेळच उरत नाही. इंदुरी फटकाऱ्यामागे पॅरिसइतकंच हे ऊनही आहे, असं माझं मत झालंय.

बेंद्रे १९३६ ते ३९ काश्मीरच्या पर्यटक केंद्रात चित्रकार-पत्रकार होते. भराभर टिपण्याची सवय तिथे कामी आली असणारच. १९५० पासून ते बडोद्याला शिकवू लागले. आणि उतारवयात त्यांनी काय केलं? ठिपक्या-ठिपक्यांनी, अगदी धीरानं चित्रं रंगवली. मोकळा हात म्हणजे घाईचा हात, हा समज तिथेच मोडतो.

आपल्याकडे जुन्या मराठी घरांत, ट्रंकेत वगैरे, अशी छोटी उघड्यावरची चित्रं अजून निघतात. पाहुण्यांच्या खोलीतलं मोठं फ्रेमवालं चित्र असतंच, पण लागोपाठ केलेला असा गठ्ठा सापडला तर तो वाटून टाकू नका. प्रत्येकाची मागची बाजू आधी बघा, तारीख-ठिकाण लिहिलंय का. असेल तर त्याच क्रमानं दोन्ही बाजूंचे फोटो काढून मंडळाकडे पाठवा.