पनवेलच्या दगडखाणी: हद्द, वाट आणि मागे उरलेला खड्डा

पळस्पे आणि शेडुंग यांच्या दरम्यान, जुन्या मुंबई–पुणे रस्त्यालगत वसलेल्या कोन गावाच्या परिसराचा इतिहास रस्त्यांचा आहे, आणि म्हणूनच तो दगडाचाही आहे. 1830 साली गव्हर्नर जॉन माल्कम यांनी बोरघाटाचा रस्ता चाकाच्या वाहनांसाठी खुला केला, तेव्हा मुंबईहून होडीने पनवेल बंदरात उतरून पुढे पुण्याकडे निघणाऱ्या वाहतुकीला मोठी चालना मिळाली. अशा रस्त्यांना खडी लागे आणि ती जवळच्या टेकडीतला काळा कातळ फोडून मिळवणेच परवडे. पुढे 1970 साली स्थापन झालेल्या सिडकोने वसवलेले नवी मुंबई शहर आणि 2002 साली पूर्ण झालेला द्रुतगती महामार्ग यांनी ही गरज कितीतरी पटींनी वाढवली. तिच्यासाठी टेकड्या फोडणाऱ्या हातांमध्ये वडार समाजाचा वाटा मोठा होता.

खाणीची हद्द कोणती, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने सर्वांत आधी सुटला, कारण त्यात महसूल होता. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1830 च्या दशकात इंदापुरात घालून दिलेली आणि 1847 च्या संयुक्त अहवालाने पक्की झालेली मोजणीची पद्धत मुंबई इलाख्यात पसरली, तेव्हा प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, त्याच्या हद्दीवर दगड रोवले गेले आणि ते जपण्याची जबाबदारी जमीनधारकावर आली. याच सर्व्हे नंबरांवर पुढे खाणपट्टे, म्हणजे ठरावीक क्षेत्र ठरावीक मुदतीसाठी खोदण्याचे करार, आखले गेले. त्यांच्या जोडीला अल्प मुदतीचा परवाना असे, आणि त्यात क्षेत्रापेक्षा परिमाणाला महत्त्व होते: इतके ब्रास दगड काढावा आणि तितक्याचे स्वामित्वधन सरकारजमा करावे. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. खडीचा ढीग चौकोनी रचायचा, लांबी, रुंदी व उंची टेपने मोजायची आणि त्यावरून पावती फाडायची, ही रीत सोपी होती. परंतु जे बाहेर गेले तेवढेच तिला दिसत असे, मागे किती खोल पोकळी उरली याची नोंद तिच्यात होत नसे. पुढची बहुतेक हानी या एका त्रुटीतून उद्भवली, असे म्हणणे भाग आहे.

वाटेचा प्रश्न अधिक बिकट ठरला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 48 ने सर्व खनिजांवर राज्याचा हक्क घोषित करताना त्या हक्कात खाणीपर्यंत जाण्याचा, त्यासाठी रस्ता बांधण्याचा आणि माल व टाकाऊ दगड साठवण्याचा अधिकारही अंतर्भूत केला, आणि जमिनीच्या पृष्ठभागाची हानी झाल्यास धारकाला भरपाई देण्याची तरतूद केली. शेतकऱ्याची वाट मात्र वेगळ्या कलमांत राहिली: बांधावरून जाण्याचा हक्क कलम 143 खाली तहसीलदाराकडे मागायचा, आणि वहिवाटीचा रस्ता कोणी अडवल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली सहा महिन्यांच्या आत दाद मागायची. बैलगाडीच्या चाकोरीवरून डंपर धावू लागले की पावसाळ्यात ती वाट गुडघाभर चिखलाची होते आणि उन्हाळ्यात राब भाजून तयार केलेल्या भाताच्या रोपवाटिकेवर दगडाची भुकटी बसते. वाट अडवलेली नसल्यामुळे अडथळ्याचा दावा लागू पडत नाही, आणि भरपाई मागायची तर हानी मोजून दाखवणे लहान शेतकऱ्याला झेपत नाही.

जमीन पूर्ववत करण्याची जबाबदारी सर्वांत उशिरा आली. खाण अधिनियम, 1952 ने खडी, मुरूम, इमारती दगड यांच्या उघड्या खाणींना बहुतांश तरतुदींतून सूट दिली, मात्र खोली सहा मीटरपेक्षा अधिक नसावी, कामगार पन्नासपेक्षा अधिक नसावेत आणि सुरुंग वापरू नयेत, अशा अटी घातल्या. कोकणाला लागू असलेले 1955 चे गौण खनिज नियम मुख्यतः परवाना व स्वामित्वधन यांभोवतीच फिरत होते. 27 फेब्रुवारी 2012 रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली. पुढील वर्षी महाराष्ट्राने नवे गौण खनिज नियम केले. आणि 8 जानेवारी 2020 रोजी त्याच न्यायालयाने, खाणकाम संपल्यावर पट्टेधारकाने त्या जमिनीवर पुन्हा गवत उगवेल अशी ती करून द्यावी, ही अट खाणपट्ट्यांत घालण्यास सांगितले.

या आदेशांचा भार हयात पट्टेधारकावर पडतो. ज्यांचे परवाने दशकांपूर्वी संपले, ते खड्डे पावसाळ्यात भरून तळी होतात, कुंपणाविना राहतात, आणि सातबाऱ्यावर त्यांना फार तर पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य क्षेत्र, एवढेच स्थान मिळते. तथापि कलम 48 च्या शब्दांत सोडून दिलेल्या खाणी, जुने ढिगारे आणि खड्डे यांतील खनिजांवरही राज्याचा हक्क स्पष्टपणे राखून ठेवलेला आहे; ज्याने त्या खड्ड्यातील खनिजावर हक्क सांगितला आणि त्याचे स्वामित्वधन घेतले, त्यानेच तो बुजवण्याचा किंवा निदान कुंपण घालण्याचा खर्च प्रथम उचलावा, हे न्यायाला धरून आहे, आणि त्याची सुरुवात गावनकाशावर असे खड्डे सर्व्हे नंबरासह दाखवण्यापासून करता येण्याजोगी आहे.