चिंच कुठली, आणि बाभळीचं नाव कुणाचं?

आज चिंचेपासून सुरुवात करू. लिनियसने १७५३ मध्ये तिला नाव दिलं ‘टॅमरिंडस इंडिका’. त्यातला टॅमरिंडस आला अरबी ‘तमर हिंदी’वरून, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर. एकाच नावात हिंदुस्थान दोनदा! आणि झाड मात्र मूळचं आफ्रिकेतलं, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात.

मग चुकीचं नाव बदलत का नाहीत? कारण नामकरणाच्या नियमावलीचं कलम ५१. नाव समर्पक नाही, एवढ्यावरून ते रद्द होत नाही. तिथं उदाहरणच आहे ‘सिला पेरुव्हियाना’चं, जी पेरू देशात उगवत नाही. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, मला लगेच मिल आठवला. १८४३ च्या ग्रंथात त्याने म्हटलंय की डार्ट नदीने मुख बदललं तरी डार्टमथ गावाचं नाव काही बदलावं लागत नाही.

तेव्हा देशी कोण, उपरं कोण, हे नावावरून कळायचं नाही. हर्बेरियममध्ये फांदी दाबून, वाळवून जाड कागदावर चिकटवतात. सोबत चिठ्ठी: कुठे, कधी, कुणी गोळा केली, आणि लावलेली होती की आपोआप उगवलेली. या शेवटच्या नोंदीवर फार अवलंबून असतं. रस्त्याकडेला लावलेला मादागास्करचा गुलमोहर लागवडीचा ठरतो. अमेरिकेतून आलेलं गाजरगवत १९५० च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलं. ते कुणी लावत नाही, आपलं आपण पसरतं. त्याला म्हणायचं ‘नॅचरलाइज्ड’, रुळलेलं. चिंच मात्र या कागदांच्या कितीतरी आधीची. संस्कृतात तिला ‘चिञ्चा’ शब्द आहे. तिला पाहुणी म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

आता बाभूळ. ‘अकेशिया’ हे नाव मुळात ईजिप्तच्या काटेरी झाडाचं, आपल्या बाभळीच्याच जातीचं. पुढे अभ्यासकांना दिसलं की या प्रजातीत वेगवेगळी कुळं एकत्र कोंबली आहेत, ती तोडायला हवीत. तोडल्यावर जुनं नाव कुणाकडे राहणार? नियमाप्रमाणे ज्या जातीवर ते नाव टांगलेलं आहे, तिच्याकडे, म्हणजे बाभळीकडे. पण ऑस्ट्रेलियात अकेशियाच्या जाती हजाराच्या घरात. त्या सगळ्यांची नावं बदलण्यापेक्षा आधारच बदलावा, असा प्रस्ताव २००५ मध्ये व्हिएन्नाला आला. विरोधात मतं जास्त पडली बरं का! पण समितीची शिफारस फेटाळायला साठ टक्के लागत होती, तेवढी भरली नाहीत. २०११ मध्ये मेलबर्नला यावर शिक्कामोर्तब झालं. आपली बाभूळ झाली ‘व्हॅचेलिया निलोटिका’, खैर गेला ‘सेनेगालिया’त.

ऑस्ट्रेलियन अकेशिया आपल्याकडे रोपवनांत लावलेला आहेच. म्हणजे नाव उपऱ्याकडे गेलं आणि घरची बाभूळ नव्या नावाने ओळख सांगत बसली. मला हा निर्णय पटलेला नाही. सोयीचा होता, हे मान्य.

हर्बेरियमची एक रीत मात्र मला फार आवडते. नाव बदललं तरी जुनी चिठ्ठी फाडत नाहीत. नवी शेजारी चिकटवतात, खाली सही आणि तारीख. बाभळीच्या जुन्या कागदावर अशा चिठ्ठ्यांची रांगच लागलेली असते.