उथळ पाण्याची श्रीमंती

'उथळ पाण्याला खळखळाट फार' असे आपण सहज म्हणून जातो. पण उथळ पाण्याची थोरवी पाहायची, तर पश्चिम आफ्रिकेत मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर जावे. तिथे सहाराचे वाळवंट थेट अटलांटिक समुद्राला भिडते. त्या किनाऱ्याला बाँ दार्गें म्हणतात.

२ जुलै १८१६ रोजी 'मेद्यूज' हे फ्रेंच लढाऊ जहाज इथल्या वाळूत रुतले. वीसेक वर्षे समुद्रापासून दूर राहिलेल्या सरदाराला केवळ राजनिष्ठेपायी कप्तान केले होते. होड्या अपुऱ्या, म्हणून सुमारे १४७ माणसे एका तराफ्यावर चढवली. होडीवाल्यांनी तराफा ओढणारा दोर सोडून दिला. तेरा दिवसांनी तराफा सापडला, तेव्हा पंधराच जण जिवंत होते. जेरिको या चित्रकाराने १८१९ मध्ये त्या तराफ्याचे भव्य चित्र मांडले आणि हा समुद्र जगाच्या लेखी मृत्यूचे घर ठरला.

त्याच पाण्यावर इम्राग्वेन कोळ्यांची घरे मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत होती. बोय माशांचे थवे आले की कोळी पाण्यात उतरून काठीने पाणी बडवत. त्या आवाजाने डॉल्फिन येत, मासे किनाऱ्याकडे रेटत. मग दोघांचेही पोट भरे.

जहाजांचा घात करणारा उथळपणाच इथल्या जिवांचा पोशिंदा आहे. ऊन तळापर्यंत पोचते, म्हणून सागरी गवत वाढते. खोलातून वर येणारे थंड पाणी पोषक द्रव्ये आणते. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात किडे आणि शिंपले मिळतात. त्यासाठी सायबेरिया, ग्रीनलंडकडून वीस लाखांवर पक्षी हिवाळ्यात इथे उतरतात.

१९७६ मध्ये हा सुमारे १२,००० चौरस किलोमीटरचा टापू राष्ट्रीय उद्यान झाला. त्यात निम्मे वाळवंट, निम्मा समुद्र. १९८९ मध्ये तो जागतिक वारशात गेला. इथे मासेमारीचा हक्क फक्त इम्राग्वेनांचा आणि तोही शिडाच्या होडीने. इंजिनाला मनाई आहे.

पण माशांना हद्द ठाऊक नसते. इथे वाढलेला मासा बाहेर जातो आणि तिथल्या मोठमोठ्या यांत्रिक बोटींच्या जाळ्यात सापडतो. शिडाच्या होडीतल्या कोळ्याला ती कमाई दिसत असते. समुद्र राखायचा त्याने आणि नफा दुसऱ्यांनी न्यायचा, हे किती दिवस चालेल? या उद्यानाचे भवितव्य पक्ष्यांच्या मोजणीइतकेच त्या कोळ्याच्या चुलीवरही ठरणार आहे.