सिकलसेल : शोधापासून उपचारापर्यंतचा प्रवास आणि समन्यायी आरोग्यसेवेचा प्रश्न

प्रस्तावना :

रोगाचे कारण कळणे आणि रुग्णाला उपचार मिळणे या दोन घटना वैद्यकशास्त्राच्या इतिहासात क्वचितच एकाच काळात घडतात. त्यांमधील अंतर काही वेळा शास्त्रीय अडचणींमुळे असते, तर काही वेळा ते समाजव्यवस्था आणि अर्थव्यवस्था यांनी निर्माण केलेले असते. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. रेणूच्या पातळीवर ज्याचे कारण सर्वप्रथम उलगडले असा हा आजार आहे. मात्र भारतात त्याचे रुग्ण प्रामुख्याने आदिवासी व दलित समाजांत आढळतात आणि ज्ञानाचा लाभ त्यांच्यापर्यंत फार उशिरा पोहोचला. या विलंबाची कारणे शोधणे व जनुकीय उपचारांच्या आजच्या टप्प्यावर त्यातून कोणता बोध घेता येईल हे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आजाराची ओळख :

इ.स. १९०४ मध्ये ग्रेनेडा बेटावरून दंतवैद्यकाच्या शिक्षणासाठी शिकागो येथे आलेल्या वॉल्टर क्लेमेंट नोएल या तरुणाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी आढळल्या. डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या रुग्णाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढे १९४९ मध्ये लिनस पाउलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिमोग्लोबिनच्या रेणूतील दोषामुळे होणारा आजार असल्याचे दाखवून दिले. १९५६ मध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी हा दोष हिमोग्लोबिनच्या प्रथिनातील अवघ्या एका घटकाच्या बदलापुरता असल्याचे सिद्ध केले. आई व वडील या दोघांकडून दोषयुक्त जनुक आल्यास अपत्य रुग्ण होते. एकाकडूनच आल्यास ते केवळ वाहक राहते. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये वाहकांना मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते हे पुढे आणले. मलेरियाग्रस्त वनप्रदेशांत हे जनुक का टिकून राहिले याचा उलगडा त्यामुळे झाला.

भारतातील नोंद :

भारतात या विकाराची पहिली नोंद १९५२ मध्ये झाली. लेहमन आणि कटबुश यांना निलगिरीतील आदिवासींमध्ये, तर त्याच सुमारास डनलॉप व मजुमदार यांना आसामच्या चहामळ्यांतील मजुरांमध्ये हा दोष आढळला. मध्य भारताच्या संदर्भात शुक्ला आणि सोळंकी यांचा नागपूर परिसरातील निष्कर्ष १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्हणजे विदर्भातील सिकलसेल वैद्यकीय जगास ठाऊक होऊन आज साठ वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्यानंतरच्या दशकांत गोंड, माडिया, भिल्ल, पावरा इत्यादी समाजांची अनेक सर्वेक्षणे झाली. तथापि त्यांचा हेतू बहुतांशी मानववंशशास्त्रीय होता. रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत गेले, निबंध प्रसिद्ध झाले. परंतु ज्याच्या बोटातून रक्त घेतले त्याला त्याचा अहवाल व औषध मिळावे अशी व्यवस्था त्या मानाने फार उशिरा उभी राहिली.

तपासणी आणि कलंक :

तपासणी ही स्वतःहून कल्याणकारी ठरत नाही, हे अमेरिकेच्या अनुभवावरून दिसते. १९७२ मध्ये तेथे सिकलसेल नियंत्रणाचा राष्ट्रीय कायदा झाला. त्या सुमारास काही राज्यांनी कृष्णवर्णीयांची तपासणी सक्तीची केली होती. वाहक आणि रुग्ण यांतील फरक नीट समजावून न दिल्यामुळे निरोगी वाहकांनाही नोकरी व विमा नाकारला गेला. अमेरिकी वायुदलाच्या प्रशिक्षण अकादमीचे दरवाजे वाहकांसाठी १९८१ पर्यंत बंद होते. उपचाराची सोय नसताना दिलेले निदान म्हणजे केवळ एक शिक्का ठरतो, हा त्या प्रसंगाचा धडा होय.

भारतात १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. शून्य ते चाळीस वर्षे वयोगटातील ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन ही त्याची उद्दिष्टे आहेत. २०२५ च्या मध्यापर्यंत ६ कोटींहून अधिक लोकांची तपासणी होऊन २ लाखांहून अधिक रुग्ण आढळले. विवाहापूर्वी जुळवून पाहता यावे यासाठी अभियानात कार्डेही दिली जातात. या कार्डाचा उपयोग समुपदेशनासाठी व्हावा की मुलीचे स्थळ नाकारण्यासाठी, हे केवळ कार्डावर ठरत नाही. ते उपकेंद्रातील आरोग्यसेविका व आशा स्वयंसेविका यांना मिळालेल्या प्रशिक्षणावर आणि त्यांच्याकडे उपलब्ध असलेल्या वेळेवर अवलंबून आहे.

जुने आणि स्वस्त औषध :

या इतिहासात हायड्रॉक्सियुरिया या औषधाचे स्थान महत्त्वाचे आहे. हे रसायन प्रथम १८६९ मध्ये तयार करण्यात आले. ते शरीरातील गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते व त्यामुळे पेशी विळ्याचा आकार घेण्याचे प्रमाण घटते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत या औषधामुळे तीव्र वेदनांचे प्रसंग जवळजवळ निम्म्याने कमी झाल्याचे दिसले. १९९८ मध्ये तेथे त्यास मान्यता मिळाली. नागपूर येथील डॉ. दीप्ती जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२-१३ च्या दरम्यान प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांतून कमी मात्रेतही हे औषध भारतीय बालकांना लाभदायक ठरते हे दाखविले. कमी मात्रा म्हणजे कमी खर्च, आणि दूरच्या गावातील रुग्णाच्या दृष्टीने कमी जोखीम. तथापि हे औषध नित्य घ्यावे लागते आणि अधूनमधून रक्ततपासणीही करावी लागते. धडगाव किंवा भामरागड येथील रुग्णास एका तपासणीसाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागत असेल, तर गोळी मोफत असूनही उपचार मोफत राहत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश झाला. परंतु दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळविण्यासाठीही रुग्णास तोच प्रवास करावा लागतो.

जनुकीय उपचार आणि किंमत :

२०१२ मध्ये एमान्युएल शारपाँतिये आणि जेनिफर डाउडना यांनी क्रिस्पर तंत्र मांडले. त्यासाठी त्यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या तंत्रावर आधारित कॅसजेव्ही या उपचारास ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये व अमेरिकेत ८ डिसेंबर २०२३ रोजी मान्यता मिळाली. रुग्णाच्या मूलपेशी काढून त्यांत प्रयोगशाळेत बदल केला जातो, केमोथेरपीद्वारे अस्थिमज्जा रिकामी केली जाते व बदललेल्या पेशी पुन्हा शरीरात सोडल्या जातात. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तत्कालीन दराने सुमारे १८ कोटी रुपये ठरविण्यात आली. भारतातील २ लाख रुग्णांना याच किमतीत उपचार द्यावयाचे झाल्यास ३६ लाख कोटी रुपये लागतील. केंद्राची २०२५-२६ ची आरोग्यावरील तरतूद सुमारे १ लाख कोटी रुपये होती. म्हणजे केवळ या एका आजारासाठी छत्तीस वर्षांची संपूर्ण तरतूद खर्ची पडेल.

या पार्श्वभूमीवर नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या जनुकशास्त्र व समवेत जीवविज्ञान संस्थेने विकसित केलेला 'बिरसा १०१' हा स्वदेशी क्रिस्पर उपचार जाहीर होणे व त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटकडे सोपविले जाणे ही महत्त्वाची घटना होय. देशी संशोधनाने किंमत उतरू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून साकारलेल्या नेक्सकार१९ या कर्करोगावरील जनुकीय उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि त्याची किंमत परदेशी उपचाराच्या सुमारे एक-दशांश ठेवण्यात आली. तरीही ती लाखांच्या घरात आहे. शेतमजुराच्या दृष्टीने अठरा कोटी आणि चाळीस लाख यांत व्यावहारिक फरक काहीच नाही.

येथे आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. २०१२ मध्ये भारताने सोराफेनिब या कर्करोगाच्या औषधाचा सक्तीचा परवाना दिला. त्यामुळे महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून ८,८८० रुपयांवर आला. रासायनिक गोळीच्या बाबतीत हा मार्ग परिणामकारक ठरला. परंतु जनुकीय उपचार हा गोळीप्रमाणे दुकानातून न्यावयाचा माल नाही. त्यास सुसज्ज प्रयोगशाळा, प्रत्यारोपण कक्ष आणि अनेक आठवड्यांचे रुग्णालयीन वास्तव्य लागते. केवळ एकस्वाचा प्रश्न सोडवून त्याची उपलब्धता वाढणार नाही. त्यासाठी सार्वजनिक रुग्णालयेच सक्षम करावी लागतील.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, सिकलसेलच्या बाबतीत ज्ञानाचा अभाव हे विलंबाचे प्रमुख कारण नव्हते. ज्ञान रुग्णापर्यंत नेणाऱ्या यंत्रणेचा अभाव हे होते. दुसरा, जनुकीय उपचाराच्या अपेक्षेने हायड्रॉक्सियुरिया, रक्तसंक्रमण व समुपदेशन यांकडे दुर्लक्ष होता कामा नये. बहुसंख्य रुग्णांचे आयुष्य आज त्यांवरच अवलंबून आहे. तिसरा, सार्वजनिक निधीतून जन्मलेल्या तंत्रज्ञानाची किंमत व सार्वजनिक रुग्णालयांसाठीचा त्याचा वाटा तंत्रज्ञान हस्तांतराच्या वेळीच करारात निश्चित व्हावयास हवा. उपचार बाजारात आल्यानंतर वाटाघाटी करणे कठीण जाते.

१९५८ च्या नागपूरच्या निबंधापासून मोफत औषधापर्यंत पोहोचण्यास कित्येक दशके लागली. बिरसा मुंडा यांचे नाव धारण करणारा उपचार बिरसांच्या समाजापर्यंत पोहोचण्यास तेवढाच काळ लागू नये, एवढी दक्षता आपल्या पिढीने घेणे अगत्याचे आहे.